जुन्या लॅपटॉपवर दोन लिप्या

‘हलका’ हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी चालतो. ओझे हलके झाले की बरे वाटते. माल हलका निघाला की फसल्यासारखे वाटते. संगणकाच्या बाबतीत ‘हलकी सिस्टिम’ म्हटले की बहुतेकांच्या मनात हा दुसराच अर्थ येतो. जुन्या यंत्रासाठी केलेली तडजोड, नवे घेता येत नाही म्हणून चालवून घेतलेले काहीतरी. कोलकात्यातल्या आमच्या घरात २०२५ च्या पूजेच्या सुट्टीत एक लॅपटॉप पुन्हा कामाला लागला, आणि पहिला अर्थ मला जवळून पाहायला मिळाला.

लॅपटॉप सासऱ्यांचा. २०१२ मध्ये घेतलेला, दोन जीबी मेमरीचा, विंडोज ७ वर चालणारा. त्या विंडोजचा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. सासरे गेल्यावर लॅपटॉप कपाटात गेला. गल्लीत बिक्रीवाल्याची हाळी आली की घरात त्याचा विषय निघायचा, पण त्यात सासऱ्यांनी काढलेले फोटो होते, म्हणून तो दर वेळी वाचायचा.

सासूबाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे ‘मा’ म्हणते, त्या मला ‘बौमा’. हावड्याच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे बांगला शिकवली. गेली काही वर्षे त्या त्यांच्या आईचे शब्द गोळा करताहेत. आई बरिशालची. फाळणीनंतर इकडे आली ती तिथली बोली तोंडात घेऊन. स्वयंपाकघरातले, नदीचे, रागावण्याचे शब्द. ते बोलणारे आता घरात कोणी उरलेले नाही. वह्या भरल्या होत्या, पण कोलकात्याच्या दमट हवेत एका वहीला वाळवी लागली. शिवाय डोळ्यांना बारीक अक्षर दिसेना. मुलाने सुचवले, मोबाइलवर लिही.

मोबाइलवर त्यांनी महिनाभर नेटाने लिहिले. अडचण अशी की तिथला कळफलक शुद्धलेखन सुधारतो. बरिशालकडे ‘सकल’चा ‘हगल’ होतो. आरंभीचा ‘स’ ‘ह’ होणे हा त्या बोलीचा स्वभावच. मोबाइल तो शब्द खोडून आपला बसवायचा. ज्या शब्दांसाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच शब्द यंत्र चूक ठरवत होते.

“चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलं,” त्या म्हणाल्या, “आता हा माझं तपासतो. आणि तेही चुकीचं.”

सुधारणा बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती मी करून दिली. पण त्यांचे मन त्या पडद्यावरून उडाले होते. त्यांना मोठे अक्षर हवे होते, खरा कळफलक हवा होता, आणि मध्ये कोणी बोलायला नको होते. त्यांची यादी मी कागदावर लिहून घेतली: लिहिणे, फोटो पाहणे, संध्याकाळी गाणी, अधूनमधून इंटरनेटवर वर्तमानपत्र. बस. एवढ्या कामाला नवा लॅपटॉप लागत नाही.

लिनक्सच्या हलक्या वाटा अनेक आहेत. मी डेबियन निवडले. १९९३ मध्ये इयान मरडॉक या तरुणाने ते सुरू केले आणि मैत्रीण डेब्रा व आपण स्वतः अशी दोन नावे जोडून त्याचे नाव ठेवले. सासऱ्यांचा लॅपटॉप सासूबाईंसाठी उभा करताना हे नाव मला आवडले. त्यावरचा डेस्कटॉप एलएक्सक्यूटी. २००६ मध्ये तैवानच्या हाँग जेन यी यांनी एलएक्सडीई नावाचा हलका डेस्कटॉप सुरू केला. त्याच घराण्यातला हा पुढचा. पडद्यावर सावल्या नाहीत, सरकणाऱ्या खिडक्यांची नक्षी नाही. खाली एक पट्टी, कोपऱ्यात मेनू आणि घड्याळ.

आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर दोनदा उतरवून घेतले. मग चांदनी गाठली. चांदनी चौक मेट्रोच्या भोवतालच्या गल्ल्यांत संगणकाचे सुटे भाग पूर्वी मंडईत भाजी मिळायची तसे मिळतात, पारखून आणि घासाघीस करून. जुन्या मेमरीची एक पट्टी आणि एक लहान एसएसडी घेतली. माझे बांगला ऐकून दुकानदाराने विचारले, “बॉम्बे?” मी म्हटले, सातारा. त्याने दहा रुपये कमी केले; साताऱ्यामुळे की कसे, ते कळले नाही. खरे सांगायचे तर लॅपटॉपला जो वेग आला त्यातला मोठा वाटा या एसएसडीचा. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क ठेवून नुसती सिस्टिम बदलली असती तर एवढा फरक पडला नसता.

डेबियन पेनड्राइव्हवर उतरवून घेतले आणि काही न पुसता आधी तिथूनच चालवून पाहिले. आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, वायफाय लागते का. वायफायच्या चिपला लागणारी फर्मवेअर पूर्वी वेगळी शोधावी लागायची. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती इन्स्टॉलरमध्येच मिळते. सगळे जमतेय म्हटल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती कायमची बसवली. इन्स्टॉलरने पहिला प्रश्न भाषेचा विचारला. यादीत बांगलाही होती, मराठीही.

सुरू झाल्यावर सगळी यंत्रणा मिळून पाचशे-सहाशे एमबी मेमरी घेते. ब्राउझर उघडून वर्तमानपत्राची तीन पाने लावली की आकडा दुपटीच्या पुढे जातो. म्हणजे आता वजन सिस्टिमचे नाही, जाहिरातींनी लादलेल्या पानांचे आहे. मांना एवढेच सांगितले, वाचून झालेले पान मिटायचे. वही मिटतो तसे.

खरी मजा कळफलकाशी आली. लेआउटच्या यादीत बांगलासाठी प्रभात, वर्णना, गीतांजली, बैशाखी अशी नावे एकाखाली एक दिसली. कवितासंग्रहांचे कपाट उघडल्यासारखे वाटले. त्यातले बैशाखी इनस्क्रिप्ट घेतले, आणि शेजारी माझ्यासाठी मराठीचे सुधारित इनस्क्रिप्ट. इनस्क्रिप्ट हे भारतीय मानक, १९९१ पासूनचे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. शिफ्ट दाबली की क चा ख, ग चा घ, त चा थ होतो. इंग्रजी कळफलकाची सवय नसलेल्या मांना हे माझ्यापेक्षा लवकर उमगले. “अल्पप्राण खाली, महाप्राण वर,” त्या म्हणाल्या. “हे तर मी वर्गात फळ्यावर लिहायचे.”

आणि हे मानक लिपी ओलांडते. मराठीत ज्या कळीवर क आहे, बांगलात तिच्यावरच बांगला क. त, च, ट, प, र यांचेही तसेच. कळांवर मी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एका कोपऱ्यात त्यांचे अक्षर, दुसऱ्यात माझे. दोन लिप्या चिठ्ठीवर शेजारी बसतात. ळ च्या चिठ्ठीत मात्र त्यांचा कोपरा रिकामा आहे. बांगलात ळ नाही. मांनी तो चारदा म्हणून पाहिला आणि रिकामा कोपरा तसाच ठेवायला सांगितला.

अशी लहान अक्षरेच भाषेला घरपण देतात. ‘दुसऱ्या’मधला र ‘दुसर्या’ असा उमटला की मराठी माणूस अडखळतो. त्यासाठी नुक्त्याचा ऱ लागतो, आणि तो शिफ्ट धरून र च्याच कळीवर मिळतो. बांगलात हेच स्थान ‘खंड त’चे. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली ती २००५ मध्ये. अक्षरांसाठी ‘मुक्ती’ नावाचा मोफत फाँट बसवला, आकार वीसवर नेला. मांनी पहिल्यांदा खंड त शोधला, सापडल्यावर चष्मा काढून पुसला आणि मग लिहायला बसल्या.

सगळेच जमले असे नाही. घरातला जुना स्कॅनर काही केल्या चालला नाही. बँकेचे काम मोबाइलवरच राहिले. सुट्टीला आलेल्या भाच्याने गेम शोधले आणि निराश होऊन लॅपटॉप परत ठेवला. दुरुस्तीची जबाबदारीही कोणावर तरी येतेच. गल्लीतला दुकानदार या सिस्टिमला हात लावणार नाही, म्हणजे ती माझ्यावर आली. अद्यतने कशी घ्यायची, ते मी बांगलात चार ओळींत लिहून झाकणाच्या आत चिकटवले आहे. दर रविवारी मा ते स्वतः करतात. त्यासाठी पासवर्ड लागतो. तो त्यांनी ठेवला आहे आणि मला सांगितलेला नाही. घरातल्या एखाद्या यंत्राची किल्ली केवळ त्यांच्याकडे असण्याची ही पहिलीच वेळ.

लिहायला त्या फेदरपॅड वापरतात. साधे टिपणवहीसारखे ॲप, नावाप्रमाणे पिसासारखे. ते शब्द सुचवत नाही, बदलत नाही. आईने जसा म्हटला तसा शब्द उमटतो आणि तसाच राहतो. आतापर्यंत चारशेच्या वर शब्द झाले आहेत, अर्थ आणि एकेक वाक्य धरून. युनिकोडच्या रूढ साठवणीत बांगला वा मराठीचे एक अक्षरचिन्ह इंग्रजीच्या तिप्पट जागा घेते, तरीही ही फाइल शंभर केबीच्या आत आहे. सासऱ्यांचा एक फोटो तिच्या कितीतरी पट जड भरतो.

परवा त्यांनी मला शेजारी बसवून कळफलक मराठीवर आणायला लावला. ‘हगल’ या शब्दापुढे त्यांना आमचा शब्द हवा होता. मी ‘सगळे’ लिहिले. मूळ ‘सकल’च, बरिशालने आणि आम्ही दोघांनीही त्यातल्या क चा ग केला. त्यांनी स चा ह केला, आम्ही ल चा ळ. त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आता प्रत्येक शब्दापुढे असा एक रकाना ठेवू. ‘हगल’ मराठी कानाला कसा ऐकू येतो, ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेले नाही.