उलट वाहणाऱ्या नदीवर, हाती वल्हे घेऊन

मुलामुलींच्या आग्रहाखातर अमेरिकेत चार-सहा महिने राहण्याचा योग आपल्यापैकी अनेकांना येतो. घर प्रशस्त असते, माणसे मायेची असतात. परंतु गाडी चालवता येत नाही, पायी जाण्याजोगे दुकान जवळ नसते आणि दिवसभर घरात दुसरे कोणी नसते. ‘तुम्ही फक्त आराम करा’ या वाक्यामागे प्रेमच असते, पण त्याच आरामाने गुडघे आखडतात, भूक मंदावते आणि आपले आता कोणावाचून काही अडत नाही, ही भावना मनात घर करू लागते. असा उन्हाळा आपण शिकागोच्या परिसरात घालवणार असाल, तर त्या शहराच्या पोटातून वाहणाऱ्या नदीची ओळख करून घ्या. जमल्यास काठावरून नव्हे, कयाकमधून.

कयाक म्हणजे पाण्यालगत बसणारी निमुळती, हलकी नाव. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाते असलेले असते; एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, अशा लयीत ते पाण्यात घालायचे. शिकागो नदीच्या दोन शाखा, उत्तरेची आणि दक्षिणेची, वुल्फ पॉइंटपाशी मिळतात. तेथून मिशिगन सरोवरापर्यंतचे मुख्य पात्र जेमतेम अडीच किलोमीटरचे आहे. प्रवाह अतिशय संथ असल्याने परतताना ओघाशी झुंजावे लागत नाही. म्हणूनच नवशिक्यांना येथे वाटाड्यासह नेण्याची पद्धत रूढ झाली आहे.

पाण्याच्या पातळीवरून शहर निराळेच दिसते. मक्याच्या कणसांसारखे दिसणारे मरीना सिटीचे जुळे मनोरे, १९३०मध्ये उघडलेली मर्चंडाइज मार्टची अवाढव्य इमारत, १९२०च्या दशकातील रिग्ली इमारतीचा शुभ्र घड्याळ-मनोरा हे सारे मान उंचावून पाहताना आपण किती लहान आहोत हे जाणवते. आणि नवल असे, की त्यात कमीपणा वाटत नाही. डोक्यावरून एकामागून एक पूल सरकत जातात. उंच जहाजे येता हे पूल मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंनी वर उचलले जातात. काठाच्या खोबणीत दडवलेली प्रचंड वजने त्यांचा तोल सांभाळतात, त्यामुळे एवढे लोखंड तुलनेने लहान यंत्रे उचलू शकतात. अनेक पुलांचा पृष्ठभाग जाळीचा असल्याने वरून मोटार गेली की खाली भुंग्यासारखा गुंजारव ऐकू येतो.

या नदीची खरी कथा मात्र तिच्या दिशेची आहे. पूर्वी ती सरोवराकडे वाहत असे. शहराचे सांडपाणी नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवरातून, असा तो प्राणघातक फेरा होता. कॉलरा आणि विषमज्वर यांनी शहराला वारंवार छळले. अखेर सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला आणि जानेवारी १९००मध्ये नदीचा प्रवाह उलटवून तो मिसिसिपीच्या खोऱ्याकडे वळवला गेला. शिकागोचे पाणी वाचले, पण घाण खालच्या अंगाच्या लोकांकडे गेली. मिसूरी राज्याने त्याविरुद्ध दाद मागितली; १९०६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. दुखणे शेजाऱ्याच्या दारी लोटले म्हणून ते बरे होत नाही, हे शहराला उमजायला पुढची अनेक दशके जावी लागली.

त्यानंतरचा काळ हा दीर्घ शुश्रूषेचा आहे. पावसाचे व गटाराचे पाणी साठवण्यासाठी १९७०च्या दशकात जमिनीखाली खोल बोगदे खोदण्यास आरंभ झाला. प्रक्रिया केलेले सांडपाणी नदीत सोडण्यापूर्वी जंतुविरहित करण्याची व्यवस्था तर अलीकडची, गेल्या दशकातली आहे. एकेकाळी मोजकेच मासे तग धरत होते; आज साठांहून अधिक जाती आढळतात. उत्तर शाखेजवळच्या कालव्यात तरंगत्या बागा लावल्या आहेत, तेथे बगळे आणि कासवे दिसतात. २०२३च्या मे महिन्यात नदीतल्या साखळदंडावर निवांत ऊन खात बसलेले एक धष्टपुष्ट कासव कयाकमधून जाणाऱ्यांनी टिपले आणि ते जगभर प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०२५मध्ये जवळजवळ शतकभराने या नदीत पोहण्याचा जाहीर सोहळा झाला. जुनाट दुखण्यातून उठणाऱ्याची प्रगती अशीच असते: हळू, मधूनच मागे सरणारी, पण खरी.

आता आपल्या देहाकडे वळू. वल्हवणे हे केवळ दंडांचे काम नाही. शक्ती यावी लागते ती कमरेपासून वळणाऱ्या धडातून. हात फक्त वल्हे धरतात. बसून करण्याचा व्यायाम असल्याने गुडघ्यांवर भार पडत नाही, परंतु पाठ, खांदे व पोटाचे स्नायू जागे होतात. मात्र पाठीच्या मणक्यांची हाडे ठिसूळ झाली असतील तर असे वळणे घातक ठरू शकते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, चक्कर येण्याची सवय, खांद्याचे जुने दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा नव्याने बसवलेला पेसमेकर यांपैकी काही असल्यास, तसेच रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून नावेत पाऊल टाकू नका. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हात पाण्याचे प्रमाण किती ठेवावे, हेही विचारून घ्यावे. परदेशात निघण्यापूर्वी प्रवासविम्यात जुन्या आजारांचा व अशा जलक्रीडांचा समावेश आहे का, ते पाहणे शहाणपणाचे.

सर्वांत अवघड भाग वल्हवण्याचा नसून नावेत बसण्याचा आणि उतरण्याचा आहे. धक्का व नाव यांच्या उंचीत फरक असतो आणि गुडघे पुरते दुमडावे लागतात. म्हणून घरी आधी एक कसोटी घ्या: हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठता येते का? ते जड जात असेल, तर कयाकचा विचार तूर्त बाजूला ठेवा. जमत असेल, तर दोन आसनांची रुंद कयाक निवडा. मागे अनुभवी, धडधाकट माणूस बसू द्या. दिशा तो सांभाळेल. आपण पुढे बसून लय धरा. कामाच्या दिवशी सकाळी प्रवासी बोटींची वर्दळ कमी असते. मोठ्या बोटीची लाट आली तर नावेचे टोक तिच्याकडे वळवावे, लाट आडवी घेऊ नये. मुसळधार पावसानंतर दोन दिवस नदीत उतरू नये, कारण अशा वेळी गटाराचे पाणी अजूनही पात्रात येऊ शकते. उतरल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये. श्रवणयंत्र व चष्मा यांना दोरी बांधावी किंवा श्रवणयंत्र काठावरच ठेवावे.

लाइफ जॅकेट मात्र क्षणभरही काढू नये. क्लार्क आणि लासाल या रस्त्यांच्या मध्ये २४ जुलै १९१५ रोजी ईस्टलँड हे सहलीचे जहाज धक्क्याला बांधलेले असतानाच कलंडले आणि ८४४ जण प्राणास मुकले. काठ हाताच्या अंतरावर होता. संथ पाण्याचाही मान राखावा लागतो, हे सांगायला तेथील स्मृतिफलक पुरेसा आहे.

शुश्रूषा करणाऱ्या मंडळींसाठी दोन शब्द. आईवडिलांनी इच्छा बोलून दाखवताच ‘या वयात?’ असे म्हणणे सोपे असते. त्यापेक्षा ‘डॉक्टरांना विचारू, मग ठरवू’ असे म्हणावे. नकार द्यावाच लागला तर तो डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावा, आपल्या धास्तीने नव्हे. आणि कयाक जमणार नसेल, तरी नदी त्यांच्यापासून हिरावली जात नाही. काठाने सुमारे दोन किलोमीटरचा पादचारी मार्ग आहे, बसायला जागा आहेत, इमारतींचा इतिहास सांगत फिरवणाऱ्या मोठ्या बोटी आहेत. चाकाची खुर्ची लागत असेल तर बोटीवर व काठावर उतरण्यासाठी उतार कोठे आहे, ते आधी दूरध्वनी करून विचारावे.

पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. दुसऱ्या दिवशी खांदे थोडे दुखतील. दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरले तर ते श्रमाचे, वाढले किंवा छातीकडे सरकले तर तत्काळ वैद्यकीय मदत घेण्याचे. एरवी त्या गोड दुखण्याची चव घ्यावी. पुष्कळ दिवसांनी देहाने काही केल्याची ती पावती असते.