आठवड्याची शिदोरी



रविवारी विहारात वंदना आटोपली की आम्ही मंडळी अर्धा तास थांबतो. आठवड्यात काय वाचले, काय ऐकले, काय पाहिले, ते ज्याने त्याने सांगायचे. वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते, त्यातूनच ही सवय लागली. रात्रपाळी करून थेट आलेला माणूसही दोन वाक्ये बोलून जातो. या आठवड्याची आमच्या घरची शिदोरी इथे सोडत आहोत.

वाचायला घ्यावे असे पुस्तक म्हणजे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. १९८९ साली ते आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना भेटून, त्यांना बोलते करून ते लिहिले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, एवढे आम्हाला भाषणापुरते पाठ होते. पण डोक्यावर ओझी वाहून पोट भरणाऱ्या जाईबाई चौधरींनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली, हे आम्ही कितीदा सांगितले? पुस्तक विकत घेणे जमत नसेल तर वाचनालयात विचारावे. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातही ग्रंथालय आहे.

पाहण्यासाठी ‘संविधान’ ही मालिका सुचवतो. श्याम बेनेगल यांनी ती केली, २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर दाखवली गेली. भाग फक्त दहा. बाबासाहेबांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत. आम्ही रोज जेवणानंतर एक भाग मोबाईलवर पाहिला. एका मोबाईलभोवती पाच डोकी, त्यामुळे थोडी ढकलाढकली झालीच! समोरच्याचे मत पटत नसतानाही ते शेवटपर्यंत ऐकून घेणारी माणसे पाहिली आणि आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. मध्येच कन्येने विचारले, “पप्पा, घटना समितीत बायका किती होत्या?” आम्ही गप्प. तिनेच शोधून सांगितले, पंधरा. त्यांत केरळच्या दाक्षायणी वेलायुधन या एकट्याच दलित होत्या.

आता ऐकण्याचे. खरे सांगायचे ते इथेच आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! आता ‘पारी’ या संस्थेने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमधील राधाबाई बोऱ्हाडे यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. १९९६ साली त्या ध्वनिमुद्रित झाल्या. बुधवारी रात्री त्या लावल्या. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. आमची आईही बीडकडचीच. लग्न झाल्यावर वडिलांच्या मागे दिघ्याला आली. तिचा हात थांबला.

“आमच्यात ही अशी न्हाई म्हणत,” ती म्हणाली.

“मग कशी म्हणतात?” आयुष्यमतींनी विचारले.

“मला कुठं येतंय आता?” असे म्हणत तिने एक ओवी सुरू केली. मग दुसरी. कन्येने हळूच मोबाईल पुढे सरकवला. आठ ओव्या झाल्या. नवव्या ओवीची पहिली ओळ आली, दुसरी येईना. ती बराच वेळ लसणाच्या पाकळीकडे पाहत राहिली. म्हणाली, “मायला लई येत होत्या. पहाटे सुरू केलं की पीठ संपायचं, गाणं न्हाई. तिच्यासंगंच गेल्या.”

वाचकहो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. वीस वर्षे आम्ही जयंतीच्या व्यासपीठावरून बोलतो आहोत. लोकांना ‘वाचा, शिका, इतिहास जपा’ असे सांगतो आहोत. त्याच मंडपात आमची आई सतरंज्या घालते आणि शेवटच्या रांगेत बसून आमचे भाषण ऐकते. तिला काही येत असेल, हे विचारण्याची बुद्धी आम्हाला चाळिशी उलटल्यावर झाली, तीही परक्या बाईची ओवी मोबाईलवर ऐकून. पवार आणि मून या दोघी अनोळखी बायांच्या दारात गेल्या. आम्हाला तर स्वयंपाकघरापर्यंतच जायचे होते.

म्हणून पुस्तक वाचा, मालिका पाहा, ओव्या ऐका. पण त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. लिहायला वही घ्या, नाहीतर मोबाईल घ्या. आमच्या आईची नववी ओवी अजून अर्धीच आहे. रोज सकाळी कन्या विचारते, “आजी, आठवली का?” आजी म्हणते, “आठवंल.”

येत्या रविवारी विहारात त्या आठ ओव्या आईच म्हणणार आहे. त्या दिवशी सतरंज्या आम्ही घालू.

जयभीम!