फळी अब्बांची, पाय नवे

आपल्याकडे दोघांना मास्तर म्हणतात. एक शिकवणारा, दुसरा कपडे बेतणारा. माझे अब्बा दुसऱ्या प्रकारचे मास्तर होते आणि मी पहिल्या प्रकारची झाले. दोघांच्या कामात उभं राहणं आलंच. शिवणारे कारागीर मशीनवर बसतात, मास्तर मात्र कटिंग टेबलाशी उभा असतो. म्हणून ‘स्टँडिंग डेस्क’ हे काहीतरी नवं म्हणून लोक सांगायला लागले तेव्हा मला हसू आलं. आमच्या घरी तो चाळीस वर्षं होता. त्याला डेस्क म्हणायचं असतं एवढंच माहीत नव्हतं.

दुकान बंद झालं तेव्हा मशीन एकानं घेतलं, इस्त्री दुसऱ्यानं. टेबल कुणालाच नको होतं. त्याचे पाय आंब्याच्या लाकडाचे, त्यांना वाळवी लागलेली. वरची फळी मात्र सागवानी. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड इंच जाड. तीन फळ्या सांधून केलेली, आणि पुढच्या कडेला दर इंचावर पितळेची बारीक चूक ठोकलेली. अब्बा टेप न घेता त्या चुकांवर कापड मोजायचे. भाईजान म्हणाले, “सुताराला दे, चार पाट निघतील.” मी म्हटलं, पाट नकोत, फळी माझ्याकडे पाठवा.

आता फळी आली, पण तिला पाय हवेत. मिस्त्री म्हणाले, “मॅडम, चार पाय ठोकून देतो, दोन दिवसांचं काम.” सोपं होतं ते. पण किती उंचीचे पाय? तिथंच अडलं.

अब्बांचं टेबल छत्तीस इंच उंच होतं. ते पाच फूट आठ इंच. हात सैल सोडून कोपरात काटकोन केला तर त्यांचं कोपर साधारण बेचाळीस इंचांवर येत असणार. म्हणजे टेबल कोपराच्या सहा इंच खाली. यात चूक काही नव्हती. कातरीवर जोर द्यायचा, कापडावर वाकायचं, तर टेबल खालीच लागतं. उलट बारीक लिहायचं असेल तर कोपराच्या थोडं वर असलेलं बरं, नाहीतर मान वाकते. आणि टाइप करायचं असेल तर बरोबर कोपराला किंवा बोटभर खाली. एकाच माणसाला तीन कामांसाठी तीन उंच्या लागतात. अब्बांचं काम एक, माणूस एक, म्हणून ठोकलेले पाय चालले.

माझं तसं नाही. शाळेत पाच-सहा तास उभी असते, घरी आल्यावर मला बसायचं असतं. पण बसून वह्यांचे दोन गठ्ठे तपासले की कंबर बोलायला लागते, मग थोडं उभं राहावंसं वाटतं. रात्री तेच टेबल मुलगा कॉम्प्युटरसाठी घेणार, तो पाच फूट दहा इंच. मी पाच फूट एक. एक फळी, दोन माणसं, बसणं आणि उभं राहणं धरून चार उंच्या. तेव्हा वर-खाली होणारी फ्रेम घ्यायची असं ठरलं. अशी फ्रेम पायांसकट नुसती मिळते, फळी आपली लावायची.

अब्बा दुकानात नवीन पोराला पहिली गोष्ट शिकवायचे, “पहले आदमी नापो, फिर कपडा.” मी तेच केलं. बूट काढून, खांदे सैल सोडून भिंतीशी उभी राहिले आणि मुलाला कोपराची उंची मोजायला लावली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. मग पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसून पुन्हा मोजली. बासष्ट. मुलाची उभ्यानं एकशे बारा.

हे तीन आकडे कागदावर लिहून फ्रेमची माहिती वाचायला घेतली आणि लक्षात आलं, जाहिरात सांगते एक आणि आपल्याला लागतं दुसरं. जाहिरात सगळी वरच्या उंचीची असते, एकशे अठरा, एकशे पंचवीस. अहो, तेवढी उंची मुलालासुद्धा लागत नाही. माझं घोडं अडतं खाली. ज्या फ्रेमच्या पायात दोन नळ्या एकात एक सरकतात, ती सहसा सत्तर सेंटिमीटरच्या आसपासच थांबते. तीन नळ्यांचा पाय असेल तर साठपर्यंत उतरते. आणि हा आकडा बहुतेक वेळा नुसत्या फ्रेमचा असतो. त्यावर आपल्या फळीची जाडी चढते. माझी दीड इंच म्हणजे जवळजवळ चार सेंटिमीटर. दोन नळ्यांची घेतली असती तर टेबल चौऱ्याहत्तरवर, माझं कोपर बासष्टवर. खुर्ची उंच करायची, मग पाय लोंबकळणार, मग पायाखाली पाट. तीन नळ्यांचीत टेबल चौसष्टला येतं. दोन सेंटिमीटर खुर्ची भागवते. ठेंगण्या माणसानं फ्रेम घेताना आधी हा खालचा आकडा विचारावा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडच्या किती बायका पाच फुटांच्या आसपास आहेत ते बघा, आणि तरी हा आकडा सगळ्यात बारीक अक्षरात असतो.

दुसरी गोष्ट वजनाची. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण अठरा किलो भरतं. माझी फळी पावणेदोन घनफुटांहून थोडी जास्त, म्हणजे चौतीस-पस्तीस किलो. फ्रेम किती वजन उचलते असं लिहिलेलं असतं, त्यात फळी धरायची असते हे विकणारा आपणहून सांगत नाही. एका मोटरच्या फ्रेमला सत्तर-ऐंशी किलो लिहिलेलं असेल तर निम्मं माझ्या फळीतच गेलं. वर कॉम्प्युटर, वह्या, आणि बोलता बोलता टेकून उभा राहणारा मुलगा. म्हणून दोन मोटरची घेतली, प्रत्येक पायाला स्वतःची. पैसे जास्त गेले. पण चढताना एक बाजू मागे पडत नाही.

वीज गेली तर? आमच्याकडे जातेच. टेबल आहे तिथंच थांबतं, खाली बसत नाही, कारण आतला स्क्रू वजनानं उलटा फिरत नाही. वीज आल्यावर कधी कधी खालचं बटण दाबून एकदा पूर्ण खाली न्यावं लागतं, म्हणजे त्याला आपली जागा पुन्हा कळते.

खरा पेच लांबीचा होता. दुकानदार फोनवर म्हणाला, तयार फळीसकट घ्या, झंझट नाही. मिस्त्री म्हणाले, “फूटभर कापू या, खोलीत सुटसुटीत होईल.” खोली लहान आहे हे खरंच. पण कापायची कुठून? डावीकडून कापली तर चुका एकऐवजी तेराव्या इंचापासून सुरू होतात. उजवीकडून कापली तर अब्बांचं माप साठावर संपतं. शिवाय मला सहाही फूट लागतात. मराठीच्या वह्यांचा गठ्ठा डावीकडे, उर्दूच्या वह्या उलट्या बाजूनं उघडतात म्हणून त्यांचा उजवीकडे, मध्ये मी. मी फ्रेमची रुंदी वाचली. एकशे दहापासून एकशे ऐंशी सेंटिमीटरपर्यंत सरकते. म्हणजे कापायची गरज फ्रेमला नव्हतीच. खोलीतलं कपाट बाहेर गेलं.

फळी उलटी केली तेव्हा खाली दोन आडव्या पट्ट्या निघाल्या, एकमेकींपासून साडेचार फुटांवर. तीन फळ्या वाकू नयेत म्हणून लावलेल्या. फ्रेमचे लांब दांडे त्यांना आडवे येत होते. पट्ट्या काढल्या आणि मिस्त्री थांबले. “हे बघा, भोकं लांबट ठेवलीत.” पट्टीत मधलं भोक गोल होतं, दोन्ही टोकांची लांबोडी. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, लांबीत मात्र जवळपास तेवढंच राहतं. अडीच फुटांत हा फरक काही मिलिमीटरचा असतो, पण स्क्रूंनी आवळून धरलं तर तेवढ्यानं सांधा उकलतो, नाहीतर फळी चिरते. कुण्या जुन्या सुतारानं ते ध्यानात ठेवून स्क्रूला सरकायला जागा सोडली होती.

नव्या फ्रेमच्या लोखंडी पट्टीला मात्र सगळी भोकं गोल. कारखान्यानं ती प्लायवुडसाठी केलेली, प्लायवुड असं हलत नाही. मिस्त्रींनी कानस घेतली आणि टोकांची भोकं लांबट करून दिली. मोठे वॉशर घातले, मधला स्क्रू घट्ट, कडेचे जरा सैल. फळी अडतीस मिलिमीटर जाड म्हणून स्क्रू पंचवीसचे, आधी बारीक ड्रिल मारून, साबण लावून. फ्रेम साडेचार फुटांवर उघडली आणि जुन्या पट्ट्यांच्याच जागी बसली. फळीच्या वरच्या अंगाला काहीच लावलं नाही. कातरीचे ओरखडे आहेत तिथंच आहेत.

आता बटण दाबलं की टेबल चढतं. पण उभं राहिलं की तब्येत सुधारते असा माझा समज नाही. पायांच्या शिरा फुगलेले शिक्षक मी स्टाफरूममध्ये रोज बघते. नुसतं बसणं वाईट तसं नुसतं उभं राहणंही. अर्ध्या तासानं बदलावं, अजान झाली की टेबल सोडून उठावंच. शरीराला बदल हवा असतो, आणि या फ्रेमचा उपयोग तेवढाच आहे.

अब्बांचं दुकान रेडीमेड कपड्यांनी बसवलं. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्याकडे नवं शिवायला कुणी येत नसे. रेडीमेड पँट घेऊन यायचे, कंबर घाला, लांबी कमी करा. बाहेर पाटीवर ‘अल्टरेशन’ लिहिलं होतं. आम्हाला वाईट वाटायचं, त्यांना वाटलेलं मी पाहिलं नाही. कारखान्याला गिऱ्हाइकाचं माप माहीत नसतं, ते कुणीतरी घ्यावंच लागतं, असं ते म्हणायचे. माझी फ्रेमही रेडीमेडच आहे. तुमच्याकडे जुनं दार, आजीच्या पलंगाची फळी, असं काही पडलं असेल तर त्यालाही असे पाय लागतील. माप आधी तुमचं घ्या, मग फळीचं, आणि कानस चालवायची वेळ आली तर ती लोखंडावर चालवा.