श्रीयुत सत्तावीस

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की पिंगळी लागते. इथल्या दावणीला उस्मानाबादी शेळी असो की मराठवाडी म्हैस, तिच्या अंगात एक गृहस्थ मुक्कामाला असतात. नाव मायक्रोआरएनए-२७, म्हणजे आरएनएचा एक इवलासा तुकडा. उंची जेमतेम २१ अक्षरं. जनुकांचे निरोप हजारो अक्षरांचे. त्यांच्यापुढे हे चिठोरंच. स्वतः एकही प्रथिन बनवत नाहीत. दुसऱ्याचं काम अडवण्यात मात्र पटाईत.

नावातल्या २७ वर जाऊ नका. सापडत गेले तसे नंबर पडले. यांना एक जुळा भाऊ. २७-अ आणि २७-ब, फरक एका अक्षराचा, बिऱ्हाडं मात्र वेगवेगळ्या गुणसूत्रांवर.

घराणं मोठं. पहिला पुरुष १९९३ साली एका मिलिमीटरभर जंतात सापडला, आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञ अँब्रोस व रुव्हकुन यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. ताठा असणारच.

एकट्याने हिंडणं यांना कमीपणाचं वाटतं. आर्गोनॉट नावाच्या धिप्पाड प्रथिनाच्या खांद्यावरूनच स्वारी निघते. समोरच्या निरोपाशी आपली सुरुवातीची सहा-सात अक्षरं जुळली की बास, निरोप दाबला! पुढचं जुळलं नाही तरी फारसं अडत नाही. त्यामुळे शेकडो जनुकांच्या भानगडीत यांचं नाक.

खरा डूख पीपीएआर-गॅमा या प्रथिनावर. कच्च्या पेशीला चरबीची पेशी करणारं मुख्य प्रथिन तेच. उंदराच्या पेशींत दिसलंय की सत्तावीस भरपूर असले की ती पेशी कच्चीच राहते. ते ओसरले की तिच्यात तेलाचे थेंब भरू लागतात. घराण्यातलेच १४३ नंबरवाले नेमके उलटे, पेशीला चरबीच्या वाटेवर ढकलणारे. शेळीची चरबी कातडीखाली कमी आणि गुर्द्याभोवती जास्त, हे खाटकाला कधीचं ठाऊक आहे. पण त्याचा जाब एकट्या सत्तावीसांना विचारण्यात अर्थ नाही. तेवढी त्यांची ऐपत नाही. आहे असं त्यांना वाटत असेल, तर वाटो.

दुधातही यांची लुडबुड आहे. चिनी संशोधकांनी दुधाळ शेळीच्या कासेतल्या पेशींत २७-अ वाढवून पाहिला. त्या पेशींत स्निग्धांश कमी साठला. म्हणून उद्या डेअरीवर म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागली तर लगेच यांच्या नावाने बोटं मोडू नका. आधी म्हशीपुढे कडबा पुरेसा पडला होता का, ते बघा.