चार मिलिमीटरचा फूट

छंदांच्या दोन जाती असतात. काही छंद मुळातच चारचौघांचे. भजन, पत्ते, क्रिकेट यांना सोबती असल्यावाचून आरंभच होत नाही. दुसरे छंद मात्र एकांतात जन्म घेतात, आणि ते जोपासणाऱ्याला कित्येक वर्षे असे वाटत राहते की हे वेड साऱ्या जगात आपल्या एकट्यालाच लागले आहे. खऱ्या आगगाडीची मापात लहान केलेली प्रतिकृती करून ती रुळांवर चालविण्याचा छंद या दुसऱ्या जातीचा. घरच्यांना त्याचे कौतुक असते, पण त्यातले मर्म त्यांना कळत नाही. आणि नुसत्या कौतुकाने माणसाचे एकटेपण जात नाही, हे आम्ही आमच्याच घरी पाहिले आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे, चार पिढ्या लष्कर भागात राहणारे. छोट्या आगगाडीच्या बाबतीत आमचे गाव भाग्यवान. एक गाडी जयविलास राजवाड्यात महाराजांच्या जेवणाच्या मेजावरून धावे. ती चांदीची, मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरे. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे. राजवाड्यातील संग्रहालयात ती आजही जपून ठेवलेली आहे. दुसरी गाडी प्रजेची. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत १८९९च्या सुमारास दोन फूट रुंदीचे रूळ भिंड आणि शिवपुरीकडे गेले, आणि १९०९पर्यंत श्योपूरलाही पोहोचले. पहिल्या दोन दिशांचे छोटे रूळ आधीच नाहीसे झाले. श्योपूरचा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग तेवढा राहिला. सुमावली, जौरा, कैलारस, सबलगढ अशी ठाणी घेत गाडी जाई आणि त्यात दिवस सरे. आत जागा उरली नाही म्हणजे माणसे टपावर बसत. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ही गाडी थांबली ती कायमची. पुढे त्याच दिशेला ब्रॉडगेजचे काम निघाले.

आमचे धाकटे काका या गाडीवर गार्ड होते. गाडी बंद पडली तेव्हा त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. तथापि आपली गाडी रोज सकाळी सुटते आहे, या भरवशावर त्यांचा दिवस चाले. रूळ उखडल्याची बातमी आली आणि ते अबोल झाले. महिन्याभराने गच्चीवरच्या खोलीत पुठ्ठा, कातर, पट्टी आणि सरस यांची मांडामांड दिसू लागली.

काकू म्हणाल्या, "अहो, नातवंडांचं खेळायचं वय सरलं, आता तुम्ही खेळायला बसलात होय?"

"अगं, खेळणं नव्हे, माप आहे हे," काका शांतपणे म्हणाले.

त्या उत्तराचा अर्थ कळायला आम्हांला बराच काळ लागला. खेळण्यातली गाडी गाडीसारखी दिसली की पुरते. प्रतिकृतीचे तसे नाही. तिचे प्रत्येक अंग एकाच प्रमाणात लहान व्हावे लागते. काकांनी जे प्रमाण धरले त्याला त्या मंडळींत 'डबल ओ' म्हणतात. त्यात खरा एक फूट म्हणजे चार मिलिमीटर, अर्थात वस्तू मूळच्या सुमारे शहात्तराव्या हिश्शाची. सहा फुटी माणूस त्यात चोवीस मिलिमीटरचा होतो. या हिशेबाने ग्वाल्हेर ते श्योपूर हा मार्ग मांडायचा तर अडीच किलोमीटरांहून लांब खोली लागेल. काकांजवळ आठ फुटांची फळी होती. तीवर खऱ्या भूमीचे जेमतेम १८५ मीटर मावतात. म्हणून त्यांनी मार्गाचा नाद सोडून एकच ठाणे निवडले, सबलगढचे.

काम पुढे सरकू लागले तसे त्यांचे एकटेपण अधिकच जाणवू लागले. गार्डाच्या डब्याची पायरी दाखवून ते विचारीत, "कशी आहे?" आम्ही म्हणत असू, "सुरेख!" त्यांचा चेहरा पडे. "सुरेख आहे हे मलाही दिसतं. बरोबर आहे का ते सांगा." ते सांगणारे आमच्यात कोणी नव्हते. त्यांच्याबरोबर काम केलेली माणसे पांगली होती, काही वारलीही होती.

तो माणूस भेटला पुण्यात. २०२२मध्ये एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही सारे कोथरूडला गेलो होतो. तेथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९८पासून ते लोकांसाठी खुले असून सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल यांसह एक अख्खे नगर तेथे गाड्यांभोवती वसविले आहे. काका काचेशी नाक लावून रुळांकडे पाहत होते. शेजारी तितक्याच निरखून पाहणारे एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी काकांना नाव विचारले नाही, गावही विचारले नाही. विचारले ते हे: "आपण कोणत्या प्रमाणात करता?"

ते वडोदऱ्याचे निघाले. घरात मराठी बोलणारे, तीन पिढ्यांचे गुजरातवासी. ते डभोईचे ठाणे करीत होते. गायकवाडांच्या राज्यात १८६२मध्ये डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची जी वाट झाली, तीवर आरंभी डबे बैल ओढीत. त्या बैलांच्या जोडीसाठी या गृहस्थांनी एक सबंध पावसाळा खर्च केला होता. दोघे संग्रहालयाबाहेरच्या कट्ट्यावर बसले, ते लग्नाच्या पंगतीलाही उशिरा पोहोचले. काकू रागावल्या नाहीत. इतके बोलताना त्यांनी काकांना दोन वर्षांत पाहिले नव्हते.

या वडोदरेकरांकडून आम्हांला कळले की हे लोक एकमेकांना शोधतात त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. लंडनमध्ये १९१०मध्येच अशा छांदिष्टांचा क्लब निघाला आणि तो आजही चालू आहे. इंग्लंडातल्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२०पासून किल्लीवर चालणाऱ्या गाड्या विकल्या, आणि १९२८मध्ये त्या गाड्या बाळगणाऱ्या मुलांचे एक मंडळ काढले. त्याची वार्ता कारखान्याच्या मासिकातून घरोघर जाई. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी १९३४च्या जानेवारीत 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली.

या संस्थेने पहिले काम केले ते मापांचे. प्रत्येक कारखानदाराची चाके निराळी, रूळ निराळे, डबे जोडण्याचे आकडे निराळे. त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या घरी चालत नसे. मैत्री होई, पण गाड्या एकमेकींशी बोलत नसत. चाकाची कड किती असावी, दोन रुळांमधले अंतर किती असावे, हे छापून ठरले आणि माणूस आपले इंजिन पेटीत घालून शेजारच्या गावी जाऊ लागला. पुढे तर पूर्ण देखावा एकाने करावा हेही बंधन उरले नाही. ज्याने त्याने आपापली फळी सजवावी, मधोमध डोंगर करावा की बाजार करावा ते त्याचे तो ठरवील. फक्त दोन्ही टोकांना रुळांची जागा आणि फळीची उंची ठरल्याप्रमाणे ठेवावी. मग वीस माणसांच्या वीस फळ्या एका सभागृहात जोडल्या की मैलभराची वाटावी अशी रेल्वे उभी राहते. महाराष्ट्राबाहेर मंडळे चालविणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत समजावून सांगण्याचे कारण नाही.

आता हा सारा व्यवहार दूरध्वनीच्या पडद्यावर येऊन बसला आहे. मासिकाची महिनाभर वाट पाहावी लागत नाही. इंग्लंडातल्या माणसाचे उत्तर चहा निवण्याच्या आत येते. पण मंडळात शिरण्याची रीत जुनीच आहे. 'मला गाडी करायची आहे, काय करू?' एवढेच विचारणाऱ्याला कोणी विशेष दाद देत नाही. प्रमाण कोणते, रुळांची रुंदी किती, कोणता काळ, कोणते ठिकाण हे सांगून, अर्धवट झालेल्या कामाचे छायाचित्र पुढे ठेवून जो नेमका प्रश्न विचारतो, त्याला चार देशांतून उत्तरे येतात. पुरे झालेले काम लोक वाखाणतात; अर्धवट कामाला मात्र हात लावतात. नवख्याने आरंभी खरेदीची घाई करू नये, हा सल्लाही सर्वांनी एकमुखाने दिला. खेळण्यांवरील आयात जकात २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३मध्ये ७० वर गेली. तेव्हा परदेशी इंजिनाच्या किमतीत घरचे महिन्याचे वाणसामान येते. अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत हे वेगळे सांगावयास नकोच.

दोन फुटी रुळांच्या गाड्या करणाऱ्यांची एक स्वतंत्र संस्था इंग्लंडात १९७३पासून आहे, आणि त्या वर्तुळातल्या लोकांना ग्वाल्हेरची गाडी नावाने ठाऊक होती, हे ऐकून काका थक्क झाले. एकाने विचारले की गार्डाच्या डब्यातला हातब्रेक कोणत्या बाजूला होता आणि जमिनीपासून त्याचे चाक किती उंच होते. आपल्याजवळ छायाचित्रे आहेत, पण ती सारी बाहेरून काढलेली. काका उठले, खोलीत उभे राहिले, डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे धरले. आम्ही टेपने त्यांच्या हातांची उंची मोजली. तीस वर्षे जे चाक फिरविले त्याचे माप अंगात राहिले होते. ते आकडे आमच्या भाच्याने इंग्रजीत लिहून पाठविले. तोवर काका त्या मंडळात विचारणारे होते. त्या दिवसापासून सांगणारे झाले. मग प्रश्नच प्रश्न येऊ लागले: हिरवा कंदील कोठे टांगत, टपावर माणसे असताना गाडी सोडण्याचा इशारा कसा देत, वाटेत पाणी कोठे भरून घेत. जे आम्ही जन्मभर एका घरात राहून विचारले नव्हते, ते परक्या देशातील माणसांनी विचारले, आणि ते आम्हीही तेव्हाच प्रथम ऐकले. भाचा आता हे सारे वहीत उतरवून ठेवतो. रूळ उरले नाहीत, काम केलेली माणसेही हळूहळू जात आहेत. ही माहिती काही वर्षांनी कोणाकडेच राहिली नसती.

गेल्या दिवाळीनंतर वडोदऱ्याचे गृहस्थ आपली डभोईची फळी मोटारीत घालून आमच्याकडे आले. खऱ्या जगात डभोईची गाडी सबलगढला कधीच येऊ शकली नसती, कारण तिचे रूळ अडीच फुटी आणि आमचे दोन फुटी. परंतु त्यांचे प्रमाण सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे, काकांचे शहात्तराव्या. आणि गंमत अशी की दोघांनाही बाजारात मिळणारे नऊ मिलिमीटरचेच रूळ वापरावे लागतात. काकांच्या हिशेबाने खरे तर आठ मिलिमीटर हवे होते, आणि त्या एका मिलिमीटरचे शल्य त्यांना अजूनही आहे. फळ्या शेजारी ठेवल्या, उंचीसाठी खाली दोन जुने पंचांग सरकविले, आणि डभोईची गाडी सबलगढच्या फलाटाला लागली.

"काका, त्यांचं प्रमाण निराळं आहे. माणसं ठेंगणी दिसताहेत," भाच्याने मुद्दाम टोचून पाहिले.

काकांनी शिट्टी तोंडाला लावली. "पाहुणे आहेत ते," ते म्हणाले. "पाहुण्यांची उंची मोजतात का?"