डेन्मार्क स्ट्रीटवरचा खर्ज

लंडनला जाऊन आलेल्या माणसाने काय काय पाहिले, याची यादी त्याच्या आधीच त्याच्या नातेवाइकांना पाठ असते. राणीचा वाडा, मनोऱ्यातला कोहिनूर, मेणाचे पुतळे, नदीवरचा उघडझाप करणारा पूल. मीही ते सारे यथासांग पाहिले. परंतु २०२४ च्या जूनमध्ये लेकीकडे काढलेल्या त्या पाच आठवड्यांतले खरे लंडन मला दिसले ते एका अरुंद, जेमतेम दोन मिनिटांत संपणाऱ्या गल्लीत, आणि तेही माझ्या पंधरा वर्षांच्या नातवामुळे.

नातवाविषयी आधी सांगितले पाहिजे. आमचे त्याचे भांडण नव्हते, बोलणेच नव्हते. तो शाळेतून येई, "हाय आजोबा" म्हणे आणि जिना चढून खोलीत जाई. थोड्या वेळाने वरून गिटारचा आवाज येई. मी खाली वर्तमानपत्र उघडून बसे. त्याचे मराठी त्याच्या आईने त्याच्याशी जेवढे बोलले तेवढेच, त्यामुळे तो मलाही 'तू' म्हणे. त्याच्या आजीला त्याचे कौतुक वाटे. मला पहिले दोन दिवस ते कानाला खटके, मग आवडू लागले. पण नुसत्या 'तू'वर किती गप्पा होणार?

एका शनिवारी लेक म्हणाली, "बाबा, आज याला गिटारचं कसलंसं पेडल घ्यायला जायचंय. मला ऑफिसचं काम निघालंय. तुम्ही जाल बरोबर? तेवढंच तुमचं फिरणं होईल." कोण कोणाला सांभाळणार, हे तिने मुद्दामच सांगितले नाही.

ईलिंगहून एलिझाबेथ लाइनच्या गाडीत बसलो. ही नवी भुयारी गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. गाडीत नातू कानांत बोंडे घालून बसला होता. दोन स्टेशने गेल्यावर त्याने काय वाटले कोण जाणे, एक बोंड काढून माझ्या कानात घातले. "आजोबा, हे ऐक. हे कुठलं वाद्य?"

ढोलासारख्या संथ ठोक्यावर सात सुरांची एक जाडजूड लकेर पुन्हा पुन्हा येत होती. मी म्हटले, "हे बेस गिटार. चार तारांचं, खालच्या सुरांचं."

तो जिंकल्यासारखा हसला. "नाही! सगळे तसंच म्हणतात. साधी गिटार आहे."

मग टॉटनहॅम कोर्ट रोड येईपर्यंत मला सारी कथा ऐकायला मिळाली. 'द व्हाइट स्ट्राइप्स' हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे दोघांचेच बँड. जॅक व्हाइट गिटार वाजवी, मेग व्हाइट ड्रम. बेस वाजवायला तिसरे माणूसच नाही. तेव्हा जॅकने 'सेव्हन नेशन आर्मी' या गाण्यासाठी आपल्या गिटारचा सूर 'व्हॅमी' नावाच्या पायाने चालवायच्या यंत्रातून एक सप्तक खाली उतरवला. ध्वनिमुद्रण झाले २००२ मध्ये, लंडनच्याच हॅकनी भागातल्या एका जुन्या पद्धतीच्या स्टुडिओत. गाणे २००३ मध्ये निघाले. त्याच वर्षी मिलानला सामना पाहायला गेलेल्या बेल्जियमच्या फुटबॉल-शौकिनांनी ती लकेर उचलली आणि २००६ च्या विश्वचषकात ती साऱ्या इटलीच्या तोंडी झाली. शब्दांशिवाय, नुसत्या 'ओ, ओ'ने. तिऱ्हाइताला शब्द न कळताही गळ्यात बसणारी चीज म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

"मला तेच पेडल पाहिजे," नातू म्हणाला. "लाल."

डेन्मार्क स्ट्रीट म्हणजे लंडनच्या वाद्यवाल्यांची गल्ली. आपल्याकडे मिरजेला तंतुवाद्ये करणाऱ्यांची गल्ली आहे, तिची आठवण यावी अशी. फरक एवढाच की मिरजेला वाद्ये घडतात आणि इथे ती विकली जातात. सतराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या रस्त्याला राणी ॲनचा नवरा, डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज, याच्यावरून नाव पडले. विसाव्या शतकात इथे गाण्यांची छापील स्वरलिपी विकणारे प्रकाशक जमले. १९६४ मध्ये ४ क्रमांकाच्या घरातल्या लहानशा स्टुडिओत 'रोलिंग स्टोन्स'नी आपली पहिली मोठी तबकडी मुद्रित केली. पुढे एल्टन जॉन या नावाने जगाला ठाऊक झालेला मुलगा त्याच दशकात इथल्या एका प्रकाशकाकडे पोऱ्या म्हणून काम करीत होता. नव्या भुयारी रेल्वेच्या निमित्ताने आजूबाजूचे पुष्कळ पाडले गेले, कोपऱ्यावर घराएवढे चकाकते पडदे आले. पण गल्लीतल्या खिडक्यांतून गिटारी अजून टांगलेल्या आहेत. लाल, निळ्या, सोनेरी. लग्नसराईतल्या साड्यांच्या दुकानासारख्या.

आम्ही एका दुकानात शिरलो. गल्ल्यावर पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेले एक गृहस्थ बसले होते. वयाने माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असतील. नातवाने चाचरत आपली गरज सांगितली. गृहस्थांनी "हे घ्या" म्हणून वस्तू पुढे सरकवली नाही. त्यांनी विचारले, "बरोबर कोण वाजवतं? तू बेसच वाजवणार, की वर गिटारही हवी?" दुकानदाराने आधी गिऱ्हाइकाचे घर विचारावे, मग कापड दाखवावे, तसे.

मग त्यांनी यंत्रांची कुळकथा सांगितली. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कापते. बेसची जाड तार त्याच्या निम्मी, म्हणजे ४१ वेळा. एका सप्तकाने खाली जायचे म्हणजे आकडा निम्मा करायचा. जुन्या जातीची यंत्रे हे मोजून करतात: तारेचे दोन हेलकावे आले की आपला एक सोडायचा. उत्तर चटकन येते, आवाज घुमारेदार. पण एका वेळी एकच सूर. दोन तारा एकदम वाजल्या की कोणाचे हेलकावे मोजावे हे त्यांना उमगत नाही आणि ती अडखळत घोगरतात. नव्या जातीची यंत्रे आवाजाचे बारीक तुकडे करून तेच संथ गतीने पुन्हा वाचतात. त्यांना अनेक सूर एकदम झेपतात. मात्र वाचण्याआधी थोडा मजकूर गोळा करावा लागतो, म्हणून त्यांतली काही निमिषभर मागून बोलतात. व्हॅमी १९८९ मध्ये आले. त्याची खरी करामत अशी की पायाखालची फळी दाबता दाबता सूर घसरत नेता येतो, मींडेसारखा.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे माझी दादरची पेटी आली. खर्ज, नर, मादी अशा सुरांच्या तीन ओळींची. शिवाय तिला कपलर आहे. तो ओढला की एक पट्टी दाबावी आणि दुसऱ्या सप्तकातली आपोआप दबावी. म्हणजे ही मंडळी विजेवर करीत होती ते आमच्या भजनी मंडळात लाकडी काड्यांवर चालत होते! मी हे तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितले. गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. "म्हणजे तुम्हाला कान आहे. मग तुम्ही पाठ फिरवून बसा. मुलगा तीन पेट्यांवर तेच वाजवील. तुम्ही सांगा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. समोर उभी केलेल्या बेससाठीच्या मोठ्या स्पीकरमधून ती सात सुरांची लकेर तीनदा आली. पहिल्या खेपेस भव्य वाटली, पण दाट. दुसऱ्या खेपेस सूर ठोक्यावर पडला आणि तिथेच बसला, डग्ग्यावरची घुमक बसावी तसा. तिसऱ्या खेपेस गोड होता, पण टाळकऱ्यांतला एखादा नवखा मागे रेंगाळतो तसा किंचित रेंगाळला. मी म्हटले, "दुसरा."

वळून पाहिले. दुसरी होती एक लहान, तपकिरी, आगपेटीच्या पुड्याएवढी साधी डबी. लाल यंत्र शेजारी ऐटीत पसरले होते. नातवाचा चेहरा पडला.

आता खरी परीक्षा माझी होती. त्याच्याजवळ घरोघर वर्तमानपत्रे टाकून साठवलेले दीडशे पौंड होते. लाल यंत्राला ते पुरत नव्हते, तपकिरीला पुरत होते. माझ्या पाकिटात पैसे होते. वरचे पैसे मी घातले असते तर त्या दिवसापुरता मी जगातला सर्वांत चांगला आजोबा झालो असतो. हात खिशापर्यंत गेलाही. मग वाटले, चार आठवड्यांत या मुलाने मला पहिल्यांदाच काही विचारले आहे, आणि मी त्याला खोटे उत्तर देणार? मी हात बाहेर काढला आणि म्हटले, "लाल छान आहे. पण तुला सूर घसरवायचा आहे, की खाली कोणीतरी उभं राहायला हवं आहे?"

तो काही बोलला नाही. "जरा विचार करतो," म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि जवळच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात बाकावर लेकीने दिलेले सँडविच खात बसलो. तिथे त्याने सांगितले. बँड तिघांचे होते. बेस वाजवणारा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासूनचा मित्र. मार्चमध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते सारे स्कॉटलंडला गेले. जुलैत शाळेचा कार्यक्रम. वर्गात बेस वाजवणारा दुसरा मुलगा आहे, पण याला तो नको होता. "त्याची जागा कुणाला द्यायची नाही, आजोबा. म्हणून पेडल."

मी बराच वेळ गप्प बसलो. मग त्याला माझ्या तबलजींची गोष्ट सांगितली. एकतीस वर्षे दर गुरुवारी ते माझ्या पेटीच्या उजव्या हाताला बसत. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या जागी बसायला दोघेतिघे तयार होते. मी पेटीवर खोळ घातली ती घातलीच.

"चार वर्षं वाजवलं नाही तू?" त्याने विचारले. त्याच्या 'तू'ची मला त्या दिवशी फार सोबत वाटली.

दुकानात परत गेल्यावर त्याने तपकिरी डबी पुन्हा लावायला सांगितली. गृहस्थांनी तिची एक खुबी दाखवली: एका खटक्यावर ती फक्त सर्वांत खालच्या तारांना खर्ज देई, वरच्या तारा जशाच्या तशा राहत. म्हणजे एकटा मुलगा खाली बेस आणि वर गिटार दोन्ही वाजवू शकत होता. त्यांनी चार सूचनाही केल्या. गिटारवरचा पुढचा, मानेजवळचा पिकअप लावायचा; आवाजाचा तीक्ष्णपणा कमी करायचा; एका सुराची तार दाबूनच दुसऱ्याकडे जायचे; आणि आवाज फाडणारी बाकीची पेडले या डबीच्या नंतर जोडायची, आधी नव्हे. तिला स्वच्छ सूर मिळाला तरच तिचे मोजणे बिनचूक होते. नातवाने दीडशे पौंडांतून पैसे दिले. उरलेल्यांतून त्याने मला कॉफी पाजली.

घरी येऊन डबी त्याच्या खोलीतल्या छोट्या स्पीकरला जोडली आणि घात झाला. खर्ज म्हणून जे निघाले ती बुडबुड होती. कपाटावरची ट्रॉफी मात्र थरथरली. नातू माझ्याकडे असा पाहू लागला की मला परतीचे तिकीट अलीकडे घ्यावेसे वाटले. मग माझ्याच ध्यानात आले: दुकानातला स्पीकर हातभर रुंद होता, हा वीतभर. सेकंदाला ४१ हेलकाव्यांचा सूर हलवायला हवा तेवढी हवा या बिचाऱ्याच्या छातीत कुठून येणार? सोमवारी त्याने शाळेतल्या बेसच्या मोठ्या स्पीकरला डबी जोडून पाहिली. संध्याकाळी तो जिना न चढता थेट माझ्याकडे आला आणि दोन्ही अंगठे वर केले.

कार्यक्रम माझ्या परतीच्या दोन दिवस आधी झाला. रंगमंचावर दोघेच. डावीकडे तिसऱ्याची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. ती सात सुरांची लकेर सुरू झाली तेव्हा मागच्या रांगेतली पोरे 'ओ, ओ' करू लागली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या, आयुष्यभर नाट्यसंगीतावर पोसलेल्या सौ.सुद्धा मान डोलावू लागल्या. खर्ज भक्कम होता. मात्र मधल्या ओळीला नातवाने सवयीने डावीकडे पाहिले, आणि तिथे मान हलवून 'हां' म्हणणारे कोणी नव्हते. डबी सूर देते. तेवढेच तिचे काम, आणि ते तिने चोख केले.

लेकीने फोनवर टिपलेले गाणे त्याच रात्री स्कॉटलंडला गेले. पाच मिनिटांत उत्तर आले. नातवाने ते मला भाषांतर करून वाचून दाखवले: "तिसऱ्या वेळी एक सूर चुकलास. मी असतो तर सांभाळलं असतं."

"बघ," नातू हसत म्हणाला, पण डोळे पुसून.

मुंबईला परतल्यावर पहिल्या गुरुवारी मी पेटीची खोळ काढली. भात्याला दोन ठिकाणी वाळवीने हात लावला होता. ती दुरुस्त करून आणली. मंडळातला एक तरुण तबला घेऊन आला. उजव्या हाताला बसू का, म्हणून त्याने विचारले. मी त्याला डावीकडे बसवले आणि कपलर ओढला.