'शिलाई'चे पोस्टर

आपली मुलेमुली आता सिनेमे करू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सिनेमावर महिनोन्महिने खपणारी ही मुले पोस्टर मात्र शेवटच्या रात्री उरकतात. माझी पुतणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आपल्या आईवर, म्हणजे माझ्या वहिनीवर, अठरा मिनिटांचा माहितीपट केला. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. पोरीची फी त्याच मशीनने भरली. सिनेमाचे नाव 'शिलाई'. तो विहारात दाखवायचे ठरले, तेव्हा ती पोस्टर घेऊन माझ्याकडे आली. मी हिशेबाचा कारकून खरा. पण वीस वर्षे जयंतीचे फलक रंगवतो, म्हणून अक्षराच्या बाबतीत घरात माझा शब्द चालतो.

नाव फाटक्या, ओघळलेल्या अक्षरांत होते. "काका, वस्तीचा सिनेमा आहे. रॉ वाटायला पाहिजे," ती म्हणाली. मला हे मुळीच पटले नाही. वस्ती म्हटली की अक्षर फाटकेच का? वहिनींचा टाका वाकडा गेला तर त्या उसवून पुन्हा घालतात. त्यांच्या सिनेमाचे अक्षर त्यांच्या शिवणीसारखे नको? पोरगी रागावून गेली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन परत आली.

चार फाँट होते, ते काढून एकच ठेवला : मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त'. तो फुकट मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशी सात वजने आहेत. नाव सर्वांत जाड, बाकी मजकूर साधा. इंग्रजी पोस्टर पाहून तिने अक्षरे दूरदूर ओढली होती. इंग्रजी अक्षर सुटेच असते; आपली शिरोरेषा ओढली की तुटते. ओळीही इतक्या जवळ होत्या की वरचे उकार खालच्या मात्रांना भिडत. 'ई'वरचा फराटा तर चौकटीने कापलाच होता. देवनागरीला डोक्यावर आणि पायाखाली मोकळी जागा लागते. आणखी एक, श आणि ल हिंदी वळणाचे आले होते. या दोन्ही अक्षरांचे आपले मराठी वळण वेगळे. शासनानेही 2009 मध्ये तेच प्रमाण ठरवले. काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की ते आपोआप येते.

खरा वाद तळाच्या नावांवरून झाला. मोठ्या इंग्रजी सिनेमांत नावांची उंची करारात ठरलेली असते, म्हणून अक्षरे उंच आणि अरुंद करून दाटीने बसवतात. इथे कसला करार? नावे सहा, त्यांत पहिले वहिनींचे, आणि तेच काळ्यावर करड्या रंगात! वहिनी चौथी शिकलेल्या. अक्षरे चिकटली की अडतात. ज्या बाईवर सिनेमा, तिलाच आपले नाव वाचता येऊ नये? मी हट्ट सोडला नाही. नावे दोन ओळींत, पांढऱ्यावर काळी घेतली. त्यासाठी फोटो वर सरकवून थोडा कापावा लागला, याचे तिला अजून वाईट वाटते.

ए-थ्री कागदावर, म्हणजे 297 बाय 420 मिलिमीटरवर, एक प्रत काढली. भिंतीला लावून दहा पावले मागे गेलो. नाव दिसले. वहिनींना बोलावले. त्यांनी सहाही नावे सावकाश वाचली, मग फोटोतल्या हाताकडे बघत राहिल्या.

"भाऊजी, तुरपाई करताना माझ्या बोटात अंगुस्तान असतं. इथं कुठंय?"

फोटो पुन्हा काढला.